रेडिओवर 'लोकसंगीत' हा शब्द शोधू नका



पेट झाली, आता प्रपोजल लिहायचं आहे, अशा टप्प्यावर तुमच्यापैकी बरेच जण असतील. विभागात थोडं सीनियर झालं की अशी प्रपोजल्स वाचायचं काम आपोआप गळ्यात पडतं. 'लोकसंगीत आणि माध्यमं' असा विषय असला की पहिल्या-दुसऱ्या पानावर एक वाक्य हमखास भेटतं: 'आज रेडिओवरून लोकसंगीत जवळजवळ हद्दपार झाले आहे.' वाक्य जड आहे, दुःखी आहे, आरआरसीसमोर वाचायला बरं वाटतं. फक्त ते कशावरून लिहिलं, हे विचारलं की शांतता पसरते.

हे मी कुणाला हिणवायला सांगत नाहीये. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये हेच वाक्य होतं, आणि मी तर त्याला 'पुरावा'ही जोडला होता. काय केलं होतं? एक आठवडा निवडला. चार-पाच केंद्रांची वेळापत्रकं मिळवली. त्यात 'लोकसंगीत' किंवा 'लोकगीते' असा शब्द कुठे येतो ते मोजलं. फार कमी ठिकाणी आला. सारणी केली, टक्के काढले, निष्कर्ष लिहिला. मॅडमनी सारणीकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "अगं, तू रेडिओ ऐकलास, की वेळापत्रक वाचलंस?"

त्याच आठवड्यात गावी मावशीशी बोलताना विषय निघाला. ती म्हणाली, "लागत्यात की गाणी. शेतीचं सांगत्यात त्याच्या मधी लागत्यात." माझ्या सारणीत तो कार्यक्रम 'शेतीविषयक' या रकान्यात होता. म्हणजे गाणं हवेत होतं, मावशीच्या कानात होतं, फक्त माझ्या संशोधनात नव्हतं.

आजची पोस्ट या चुकीबद्दल आहे. रेडिओवर लोकसंगीत कसं शोधायचं हा साधा वाटणारा प्रश्न खरं तर पद्धतीचा प्रश्न आहे, कारण आपण जे शोधतो ते बहुतेक वेळा संगीत नसतं, लेबल असतं. ते लेबल कुणी, कधी आणि कशाला लावलं हे न विचारता आपण त्याच्यावर मोजणी उभी करतो.

लेबल कुठून आलं?

मुंबईचं रेडिओ केंद्र 1927 साली सुरू झालं, नागपूरचं 1948 साली, पुण्याचं 1953 साली. 1952 ते 1962 या काळात बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री होते. त्यांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीवर जवळजवळ दार बंद केलं आणि त्या जागी सुगम संगीताचे विभाग उभे राहिले. पुढे 1957 साली 'विविध भारती' आली, हा इतिहास तुम्ही वाचला असेल. आपल्या कामाचा भाग त्यातला वेगळा आहे. आकाशवाणीचं संगीत कप्प्यांमध्ये लावलेलं असतं: शास्त्रीय, सुगम, भक्तिसंगीत, लोकसंगीत, चित्रपटसंगीत. कलाकाराची स्वरपरीक्षा, म्हणजे ऑडिशन, कप्प्याप्रमाणे होते आणि श्रेणीही कप्प्याप्रमाणे मिळते. ज्या कप्प्यात मान्यता, त्या कप्प्यात गाणं.

आता एक भारूड घ्या. वेषांतर करून, लोकांना प्रश्न विचारत, हसवत सादर होणारं भारूड तुम्ही कुठल्या कप्प्यात टाकाल? संतरचना आहे म्हणून भक्तिसंगीत? सादरीकरण लोकपरंपरेतलं आहे म्हणून लोकसंगीत? भजनी मंडळाचं काय? वासुदेवाचं काय? अशोक दा. रानड्यांनी भारतीय संगीताची कोटींमध्ये मांडणी करताना लोकसंगीत आणि भक्तिसंगीत वेगळे धरले, पण कोटी करण्यामागे त्यांचा विचार होता आणि तो त्यांनी लिहून ठेवला. केंद्रावरच्या कप्प्यामागे बऱ्याचदा कामाची सोय असते: कुठल्या विभागाने ध्वनिमुद्रण केलं, कलाकाराला कुठल्या श्रेणीत मानधन द्यायचं. दोन्हीकडे शब्द तोच, 'लोकसंगीत', पण काम वेगळं. ही दोन कामं एकत्र केली की सारणी बिघडते.

याहून मोठी गोष्ट म्हणजे लोकगीतांचा बराच वाटा संगीत विभागाच्या बाहेर असतो. शेतकऱ्यांसाठी, कामगारांसाठी, महिलांसाठी, मुलांसाठी असे 'विशेष श्रोत्यांसाठीचे' कार्यक्रम आकाशवाणीवर जुने आहेत. मुंबईची 'कामगार सभा' आणि 'वनिता मंडळ' ही नावं तुमच्या आजी-आजोबांना विचारा, लगेच ओळखतील. दोन मुलाखतींच्या मधे एखादी लावणी, एखादी भलरी, पोवाड्याचा तुकडा लागतो. वेळापत्रकात त्याची वेगळी ओळ नसते. मावशी म्हणत होती ते हेच.

शोधायचं कशाने?

तर पहिला नियम: वर्गाचं नाव टाकून शोधू नका, गाण्याच्या प्रकाराचं नाव टाका. ओवी, भलरी, गोंधळ, जागरण, पोवाडा, लावणी, भारूड, कलगी-तुरा, जाखडी, नमन-खेळे, दंडार, खडीगंमत. आणि एका प्रकाराचं एकच नाव आहे असं धरू नका. पुण्यात 'भोंडला' म्हणतात, दक्षिण महाराष्ट्रात 'हादगा', विदर्भ-खानदेशात त्याच्या जवळची 'भुलाबाई'. फक्त 'भोंडला' शोधून तुम्ही विदर्भाबद्दल विधान केलंत, तर ते विधान तुमच्या शब्दसंग्रहाबद्दल आहे, विदर्भाबद्दल नाही.

भाषेचंही तेच. मराठी रेडिओवर मराठीच गाणी असतील हे गृहीतक बाजूला ठेवा. जळगाव केंद्राचा अभ्यास करताना अहिराणी हा शब्द हाताशी ठेवा, नागपूरकडे गोंडी आणि झाडीबोली, मेळघाटच्या बाजूला कोरकू. गोव्यात पणजी केंद्र आहे. ते पोर्तुगीज काळातल्या 'एमिसोरा द गोवा'चं 1961 नंतरचं रूप. तिथे कोंकणी आणि मराठी शेजारी शेजारी असतात. फुगडी किंवा धालो शोधताना भाषेची चाळणी लावलीत, तर अर्धं हातून जाईल.

दुसरा नियम: मोठ्या केंद्रांवर थांबू नका. 1984 साली तमिळनाडूतल्या नागरकोईलला आकाशवाणीचं पहिलं स्थानिक केंद्र सुरू झालं आणि त्यानंतर ही कल्पना देशभर पसरली. आपल्याकडे बीड, सातारा, सोलापूर, नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर अशा ठिकाणी केंद्रं आली. मुंबई-पुण्याच्या वेळापत्रकावरून 'महाराष्ट्राचा रेडिओ' असं लिहिणाऱ्या प्रबंधांनी ही केंद्रं ऐकलेलीच नसतात.

तिसरा: कम्युनिटी रेडिओ, म्हणजे समुदाय रेडिओ. आधी फक्त शैक्षणिक संस्थांना परवानगी होती; 2006 च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही दार उघडलं. साधारणपणे 100 वॅटची ताकद, म्हणजे थोड्या किलोमीटरचा परिसर, आणि किमान 50 टक्के कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार केलेले असावेत ही अट. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी', म्हसवडची 'माणदेशी तरंग वाहिनी', सांगली जिल्ह्यातली 'येरळावाणी' ही यातली आपल्या जवळची नावं. शेजारच्या तेलंगणात 2008 पासून 'संघम रेडिओ' आहे, तो दलित महिला चालवतात. पण इथेही डोळे उघडे ठेवा. 'स्थानिक निर्मिती'ची अट पाळणं आणि लोकगीत लावणं या एकच गोष्टी नाहीत. आरोग्यावरची स्थानिक मुलाखतही त्या 50 टक्क्यांत बसते. कायद्याचा आकडा प्रबंधात लिहून 'म्हणून तिथे लोकसंगीत जपलं जातं' असा निष्कर्ष काढू नका. ऐका, मग लिहा.

अ‍ॅप आणि नकाशा

आता इंटरनेटकडे येऊ. 'न्यूज ऑन एअर' या अ‍ॅपवर आकाशवाणीच्या दोनशेहून अधिक वाहिन्या थेट ऐकता येतात. 2016 साली नेदरलँड्समध्ये सुरू झालेल्या 'रेडिओ गार्डन'वर पृथ्वीचा गोल फिरवायचा, हिरव्या ठिपक्यावर थांबायचं आणि तिथलं केंद्र ऐकायचं. दोन्ही गोष्टी आपल्यासाठी वरदान आहेत. हॉस्टेलच्या खोलीत बसून परभणी किंवा रत्नागिरी ऐकता येते, हे आमच्या आधीच्या पिढीला शक्य नव्हतं.

पण साधन म्हणून यांची समीक्षा करायला हवी, आणि ती प्रबंधांत फारशी दिसत नाही. माझे तीन आक्षेप आहेत.

एक: थेट प्रक्षेपण म्हणजे नदी. ऐकलं ते ऐकलं, गेलं ते गेलं. मागे जाऊन ऐकायची सोय बहुतेक ठिकाणी नसते. आणि आज अमुक वाजता नक्की कोणतं गाणं वाजलं, कुणी गायलं, याची प्रसारणानंतरची यादी मिळत नाही. बीबीसीच्या अनेक संगीत कार्यक्रमांच्या पानावर वाजलेल्या गाण्यांची यादी कलाकारांच्या नावासकट असते. त्यांनी 'रेडिओ टाइम्स' या साप्ताहिकातली 1923 पासूनची वेळापत्रकंही शोधता येतील अशी ऑनलाइन ठेवली आहेत. तिथला विद्यार्थी आणि तुम्ही एकच पद्धत वापरलीत तर निकाल वेगळे येणारच. तो फरक लोकसंगीताचा नसेल, नोंदींचा असेल.

दोन: नकाशावरचा ठिपका फसवा आहे. ठिपका साताऱ्यावर आहे म्हणून गाणं साताऱ्याचं असेल असं नाही. स्थानिक केंद्रही दिवसाचा काही भाग दुसरीकडचे कार्यक्रम सहक्षेपित करतं. खाजगी एफएमचा ठिपका तर गावाचं नाव मिरवतो आणि हिंदी चित्रपटगीतं वाजवतो. उलट, ज्या समुदाय रेडिओचा ऑनलाइन प्रवाहच नाही, त्याचा ठिपकाही नाही. म्हणजे सगळ्यात स्थानिक असलेलं केंद्र नकाशावर अदृश्य राहू शकतं. अशा केंद्रासाठी एसटी पकडावी लागते, दुसरा इलाज नाही.

तीन: 'मराठी लोकगीते' अशा नावाच्या चोवीस तास चालणाऱ्या इंटरनेट वाहिन्या. ऐकून पाहा. निवेदन नाही, गायकाचं नाव नाही, एकामागून एक गाणी. त्यातला मोठा भाग कॅसेट आणि सीडीच्या बाजारातून आलेला असतो. कॅसेटवरचं लोकगीत हा अभ्यासाचा अगदी योग्य विषय आहे. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्याशिवाय तो लिहिताच येणार नाही. पण तो कॅसेटचा अभ्यास म्हणून करा. 'इंटरनेट रेडिओवरचं लोकसंगीत' असं नाव देऊन कॅसेटचा संग्रह मोजू नका.

आणि हो, साधा ट्रान्झिस्टर विकून टाकू नका. पुणे केंद्र 792 किलोहर्ट्झवर, मुंबईची अस्मिता वाहिनी 558 वर, ही मध्यमलहरीची जागा आहे. अ‍ॅपवर स्वच्छ ऐकू येणारं केंद्र गावात कसं ऐकू येतं, हाही डेटा आहे. खरखर आली तर सेट जागच्या जागी फिरवून बघा. आतल्या फेराइटच्या कांडीला दिशा असते, थोड्या फिरवण्याने फरक पडतो. मोबाइलचा चार्जर आणि एलईडी दिवा दूर ठेवा.

कुठला आठवडा?

माझ्या सारणीतली दुसरी चूक आठवड्याची होती. माध्यमांच्या आशय विश्लेषणात 'रचित आठवडा' ही पद्धत शिकवतात: वर्षभरातून एक सोमवार, एक मंगळवार असे दिवस यादृच्छिक निवडायचे. वर्तमानपत्रासाठी ती चांगली आहे. लोकसंगीतासाठी ती गंडते, कारण इथलं गाणं वाराने चालत नाही, पंचांगाने चालतं. आषाढात वारी, श्रावणात मंगळागौर, भाद्रपदात गौरी-गणपती आणि कोकणात जाखडी, नवरात्रात भोंडला आणि गोंधळ, मार्गशीर्षात चंपाषष्ठीच्या सुमारास खंडोबाचं जागरण, फाल्गुनात शिमगा. तुमच्या यादृच्छिक सात दिवसांत यातलं एकही न येणं सहज शक्य आहे. मग 'हद्दपार' हा शब्द लिहायला हात मोकळा.

यावर उपाय अवघड नाही. दोन नमुने घ्या: एक साध्या दिवसांचा, एक सणांच्या दिवसांचा. दोन्ही वेगवेगळे मांडा. मग खरा प्रश्न समोर येतो: हे गाणं वर्षभर ऐकलं जातं, की रेडिओ ते सणापुरतं बाहेर काढतो आणि परत ठेवून देतो? हा प्रश्न 'लोप पावलं का' यापेक्षा कितीतरी चांगला आहे, आणि याचं उत्तर मिळू शकतं.

सापडलं, आता ऐका

शोधणं जमलं की समीक्षेचं खरं काम सुरू होतं. रेडिओने त्या गाण्याचं काय केलं?

गोंधळ रात्रभर चालतो. रेडिओवर त्याला मिळतात पंधरा मिनिटं, फार तर अर्धा तास. संबळ आणि तुणतुणं उघड्यावर ऐकायची वाद्यं आहेत, स्टुडिओत त्यांना मायक्रोफोनच्या मर्जीप्रमाणे बसावं लागतं. जात्यावरची ओवी जात्याशिवाय गायली की दगडाची घरघर जाते आणि तिच्याबरोबर श्वासाची लय जाते. तीच ओवी तबला-पेटीच्या साथीने बसवली की ती सुगम संगीताच्या दिशेने सरकते. लावणीतून अदा जाते, उरतो फक्त गळा. काही गायिकांच्या बाबतीत हा तोटा नव्हता, कारण ज्यांनी लावणी कधी फडावर जाऊन पाहिली नसती अशा घरांत तो गळा रेडिओने पोचवला. म्हणून 'रेडिओने लोकसंगीत बिघडवलं' हेही घाईचंच वाक्य आहे. काय गेलं आणि काय आलं, दोन्ही लिहा.

माझा खरा राग निवेदनावर आहे. 'आता ऐकू या एक पारंपरिक लोकगीत.' झालं. कुठल्या गावचं, कुणाकडून आलं, कोणत्या प्रसंगी म्हणतात, काहीच नाही. 'पारंपरिक' हा शब्द कवीच्या रकान्यात टाकला की शोध संपतो. पण शाहिरी परंपरेत लावणी-पोवाड्याच्या शेवटी कवी स्वतःची नाममुद्रा गुंफतो. गाणं नीट शेवटपर्यंत वाजवलं तर कवीचं नाव गाण्यातच ऐकू येतं! वेळ संपली म्हणून शेवटचं कडवं कापलं, की कवी जातो आणि 'पारंपरिक' उरतं.

याच्या शेजारी हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी उभा केलेला जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह ठेवून बघा. एक लाखाहून अधिक ओव्या, आता 'परी'च्या संकेतस्थळावर येत असलेल्या. तिथे गाणाऱ्या बाईचं नाव असतं, गाव असतं, ओवी कशाबद्दल आहे याचं वर्गीकरण असतं. ती अनामिक 'लोक' नसते, ती एक बाई असते आणि तिला काही म्हणायचं असतं. रेडिओचं निवेदन इतकं सविस्तर असू शकत नाही, मान्य. पण नाव आणि गाव सांगायला किती सेकंद लागतात?

आता यापेक्षा अवघड मुद्दा. भीमगीतं आणि आंबेडकरी जलसा तुमच्या 'लोकसंगीता'त आहेत का? वामनदादा कर्डकांची गाणी गावोगाव तोंडपाठ आहेत, पिढ्यांनी ती गायली आहेत. पण कवीचं नाव माहीत आहे, विषय आधुनिक आहे, म्हणून ती 'पारंपरिक'च्या व्याख्येत बसत नाहीत, असं म्हटलं जातं. मग शाहीर साबळ्यांच्या गाण्यांबद्दल तोच नियम आपण लावतो का? अण्णाभाऊ साठे, अमर शेख यांच्याबद्दल? कुणाला 'लोक' म्हणायचं हे ठरवताना जात मधे येते, आणि ती वेळापत्रकातही दिसते: 14 एप्रिल आणि 6 डिसेंबरच्या आसपास ऐका, मग एखाद्या साध्या मंगळवारी ऐका, आणि फरक स्वतः नोंदवा. तुमच्या नोंदवहीत 'विशेष कार्यक्रम' म्हणून हे बाजूला पडलं, तर केंद्राने केलेली विभागणी तुम्ही प्रबंधात कायम केलीत. त्या गायकांना वगळण्याचं काम दोनदा होईल: एकदा वेळापत्रकात आणि एकदा आपल्या ग्रंथालयात. दुसऱ्याला आपण जबाबदार असू.

नोंदवही कशी ठेवाल

आता कामाचं. मी सध्या जी नोंदवही वापरते तिच्यात इतके रकाने आहेत: तारीख आणि तिथी (हो, तिथीही), केंद्र, कशावर ऐकलं, सेट की अ‍ॅप, कोणत्या कार्यक्रमात, निवेदक काय म्हणाला, शब्दशः, मी काय ऐकलं, प्रकार आणि वाद्यं, गायक आणि कवीचं नाव सांगितलं का, गाणं पूर्ण वाजलं का. 'निवेदक काय म्हणाला' आणि 'मी काय ऐकलं' हे रकाने मुद्दाम वेगळे ठेवा. त्या दोघांमधलं अंतर हाच बऱ्याचदा तुमचा चॅप्टर असतो.

जुन्या काळाकडे जायचं असेल तर आकाशवाणीचं 'द इंडियन लिसनर' हे पाक्षिक पाहा. 1935 च्या अखेरीस त्याला हे नाव मिळालं. त्याचे अंक स्कॅन होऊन ऑनलाइन आले आहेत आणि त्यांत मुंबईसह केंद्रांचे कार्यक्रम छापलेले असतात. मजकूर इंग्रजी आहे, म्हणून मराठी शब्दाची रोमन स्पेलिंगं तीन-चार प्रकारे शोधा. पोवाडा व्ही घालूनही आणि डब्ल्यू घालूनही. आणि लक्षात ठेवा, तिथे छापलेलं असतं ते ठरलेलं. प्रत्यक्ष वाजलेलं निराळं असू शकतं.

ध्वनिमुद्रणाबद्दल एक सावधगिरी. स्वतःच्या अभ्यासासाठी प्रसारण रेकॉर्ड करणं आणि ते यूट्यूबवर चढवणं यांत कायद्याच्या दृष्टीने फरक आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संशोधनासाठी वाजवी वापराला जागा आहे, पण प्रसारण करणाऱ्या संस्थेलाही त्या प्रसारणावर 25 वर्षांचे हक्क आहेत. फाइल स्वतःजवळ ठेवा, प्रबंधात वर्णन करा.

आणि शेवटी श्रोत्यांकडे जा. 1956 साली पुण्याच्या आसपासच्या पाच जिल्ह्यांतल्या 150 गावांमध्ये आकाशवाणी आणि युनेस्कोने शेतकऱ्यांच्या रेडिओ मंचांचा प्रयोग केला होता. गावकरी आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम एकत्र ऐकायचे आणि चर्चा करायचे. टाटा समाज विज्ञान संस्थेने त्याचं मूल्यमापन केलं, पॉल न्यूरथ त्यात होते. विषय शेतीचा, लोकसंगीताचा नाही. तरी मी सगळ्यांना तो वाचायला सांगते, कारण तिथे संशोधक स्टुडिओच्या बाजूला न बसता ऐकणाऱ्यांच्या बाजूला बसले. सत्तर वर्षांनी आपण परत वेळापत्रकाच्या बाजूला जाऊन बसलोय.

माझं ते जुनं वाक्य मी आता काढून टाकलंय. त्या जागी लिहिलंय: 'रेडिओवर लोकगीत कुठे वाजते आणि ते कोणत्या नावाने ओळखले जाते, यांत अंतर आहे, या प्रबंधाचा विषय ते अंतर आहे.' मॅडम म्हणाल्या, "हं, आता याच्यावर प्रश्न विचारता येतील." आमच्याकडे याला शाबासकी म्हणतात. कदाचित वर्षभर ऐकल्यावर लोकगीत खरंच कमी झालंय असं निघेल. निघू दे. तेव्हा ते लिहायचा अधिकार आपण कमावलेला असेल.

तुमच्यासाठी एक काम: प्रपोजल पाठवण्याआधी तुमच्या जिल्ह्याचं केंद्र सलग तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ ऐका, आणि घरातल्या एका मोठ्या माणसाला विचारा, "काय लागतं हो रेडिओला?" वेळापत्रक त्यानंतर उघडा.